वाळलेली फांदी

मार्च संपत आला की सोलापुरात माणूसच कसाबसा तग धरतो, तिथं रोपट्याची काय कथा? पण हे महापालिकेतल्या साहेबांना कोण सांगणार? सायकल ट्रॅकच्या उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी उद्यान खात्याच्या वेणीमाधवला बजावलं होतं, "फोटोत एकही वाळकं झाड दिसता कामा नये."

म्हणून वेणीमाधव उजाडताच कामाला लागला. ट्रॅकच्या कडेनं लावलेल्या करंजाच्या रोपांपैकी निम्मी जळून गेली होती. ती उपटायची, खड्ड्यात नर्सरीतली हिरवीगार कुंडी पुरायची, वर माती सारखी करायची. मरणाऱ्या झाडाला पाणी द्यायला टँकर मिळत नव्हता. मेलेलं लपवायला मात्र टेम्पोभर कुंड्या आल्या होत्या.

परत येणाऱ्या सायकलींच्या बाजूला एक वाळकी फांदी चक्क ट्रॅकवरच, कडेच्या दगडाला लागून उभी होती. "धन्य आहेत आमची माणसं! सायकलच्या वाटेत झाड लावलं!" असं पुटपुटत त्यानं ती ओढली. मुळं नव्हतीच, अलगद हातात आली. राहिलेल्या फटीत त्यानं माती भरली, टाचेनं दाबली. टाचेखाली 'ढब' असा पोकळ आवाज झाला. त्यानं ऐकला आणि सोडून दिला. वर ट्रॅकच्याच हिरव्या रंगाचा एक हात मारला आणि मागं सरकून स्वतःच्याच कामावर खूश झाला.

खूश व्हायला आणखी एक कारण होतं. त्याची ज्ञानदा, सहावीतली, आज शाळेच्या रॅलीत सायकल चालवणार होती. प्रेमलाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, सायकलला कडाडून विरोध. "अहो, ट्रक, रिक्षा, सगळे अंगावर येतात. पोरीला रिक्षानंच पाठवू." त्यावर वेणीमाधव छाती पुढं काढून म्हणाला होता, "आता ट्रॅक झालाय. ह्या ट्रॅकवर तिला खरचटलं जरी, तरी माझं नाव बदल."

आठ वाजता झेंडा पडला. दीडशे पोरं घंट्या वाजवत निघाली. जाताना पलीकडच्या बाजूनं तळ्यापर्यंत, येताना ह्या बाजूनं. ज्ञानदा पहिल्या पाचात होती. तिनं एक हात सोडून बापाला हलवला, तेव्हा त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात ड्रेनेजचा मुकादम सिद्रामप्पा सायकलवरून धापा टाकत आला. "साएब, त्या परतीच्या लाईनवरची फांदी कुणी काढली ओ?"

"मी काढली. का?"

"अवो, त्या चेंबरला झाकण न्हाई की! ठेकेदारानं नुसतं प्लायवूड टाकून रंग मारलाय. काल मीच फांदी खोचली हुती, लोकास्नी कळावं म्हणून. आत पुरुषभर पाणी हाय, साएब."

रस्त्यात खड्डा असला की त्यात फांदी उभी करायची, हे सोलापुरात शेंबडं पोरही जाणतं. वेणीमाधवला मात्र त्या फांदीत झाडच दिसलं. डोळ्यांवर हिरवा चष्मा चढला होता ना! सकाळचा तो 'ढब' कानात पुन्हा वाजला.

त्यानं शाळेच्या बाईंना फोन लावला. वाजत राहिला. मांडवात कर्ण्यावर साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. मध्येच जाऊन सांगावं? सांगायचं काय, फांदी मी काढली म्हणून? त्या विचारात अर्धं मिनिट गेलं. त्या अर्ध्या मिनिटाची लाज त्याला पुढं जन्मभर पुरली.

मग त्यानं सिद्रामप्पाची सायकल हिसकावली. वीस वर्षांत पायडलला पाय लागला नव्हता. रस्ता उद्‌घाटनाच्या गाड्यांनी गच्च भरला होता, पदपथावर मोटारसायकली. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," ओरडत, हँडल लटपटत तो उलट दिशेनं निघाला. ट्रॅकवर यायला वाट मिळाली तेव्हा समोर, लांब, पोरांचा जथा वळण घेऊन ह्या बाजूला लागलेला दिसला.

'देवा, सिद्धरामा, लेकरू सांभाळ,' एवढंच त्याच्या मनात चाललं होतं.

जागेच्या आसपास येऊन त्यानं सायकल टाकली. जागा सापडेना. सगळा ट्रॅक एकसारखा हिरवा. कुंड्या एकसारख्या. माती एकसारखी. कुणालाही ओळखू येऊ नये इतकं चोख काम त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं.

"थांबा!" तो ओरडला. घंट्यांच्या आवाजात कुणालाही ऐकू गेलं नाही. पोरांना वाटलं, स्वागताला उभे आहेत. दोघांतिघांनी हातही हलवले. सगळ्यात पुढं आता ज्ञानदा होती, पायडलवर उभी राहून जोर मारत होती.

वेणीमाधव टाचा आपटू लागला. इथं, नाही. तिथं, नाही. अंगात आल्यासारखा तो कडेच्या दगडालगत पाय आपटत, आवाज ऐकत पुढं सरकत होता. ज्ञानदा वीस हातांवर आली. बापाला बघून हसली.

ढब.

तो जागचा हलला नाही. दोन्ही पाय उचलून त्यानं त्याच जागी उडी मारली.

प्लायवूड मोडलं. तो आत गेला, काखेपर्यंत. एक हात कडेच्या दगडाला अडकला, दुसरा ताठ वर उभा राहिला. खाली पायाला तळ लागत नव्हता, गार घाण पाणी कमरेला लागत होतं. करकचून ब्रेक लागले. ज्ञानदाचं चाक त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

मागून पळत आलेल्या सिद्रामप्पानं त्याला काखेत हात घालून वर ओढलं. वेणीमाधवनं आधी पोरीला पोटाशी धरलं आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. ज्ञानदा रडली नाही. ती त्याच्या खांद्यावरून त्या काळ्या भोकाकडं बघत होती.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात, इथं काही होत नाही."

त्यानं तिच्या सायकलचं हँडल धरलं.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "बस सायकलवर. मी धरून चालवतो."

तिनं नकारार्थी मान हलवली. सायकल हातात धरून ती चालत निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली. मग तिनं टाच उचलून पुढच्या हिरव्या रंगावर आपटली, कान देऊन आवाज ऐकला, आणि तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. घरापर्यंत ती तशीच चालली.