डबा, पुल्लिंगी

शब्दकोशाच्या कचेरीत मी 'ड' सांभाळतो. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "यावर घर चालतं का?" चालतं, कारण बायको शाळेत शिकवते.

'डबा' ही माझी सगळ्यात गाजलेली नोंद. गाजली म्हणजे साहेब तिच्याबद्दल "बरी आहे" म्हणाले. शब्द कुठून आला यावर मी बराच घाम गाळला. कोणी फारसीकडे बोट दाखवतं, कोणी त्याहून पलीकडे अरबीकडे, आणि यावरून आमच्या कचेरीत दोन माणसांचं बोलणं बंद आहे. डबी, डबडं ही जवळची भावकी. डबकं त्याच घराण्यातलं की नुसतं शेजारी, हे अजून ठरत नाही. पण अर्थ मी झाडून सगळे गोळा केले होते.

त्यामुळे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलण्यातला 'डबा' हा एकच शब्द शिल्लक राहिला, तेव्हा मला वाईट तर वाटलंच, पण आत कुठेतरी हायसंही वाटलं. या शब्दावरचा जाणकार घरातच होता. अण्णांची पूर्वपुण्याई, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते तुम्ही ओळखायचं. आणि खाणं पोटात गेलं पाहिजे. असंच चाललं तर नळी घालावी लागेल."

खाण्याचीच तर पंचाईत होती. सकाळी बायको वाटी-चमचा घेऊन बसायची. अण्णा तोंड फिरवायचे, स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे, "डबा." मी पायांत चपला सरकवत असलो की त्यांचा आवाज चढायचा. मी गेल्यावर ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. दिवसाकाठी जेमतेम पेलाभर दूध जायचं. मनगटं बघवत नव्हती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी अभ्यास करतो.

अर्थ पहिला, साठवणीचं भांडं. मी बिस्किटांचा, साखरेचा, खिळ्यांचा, बटणांचा असे घरातले झाडून सगळे डबे त्यांच्या पलंगावर मांडले. अण्णांनी डोळे मिटून घेतले. अर्थ दुसरा, आगगाडीचा. मी त्यांना आगगाड्यांची चित्रं दाखवली. तिसरा, खटारा गाडी. मी खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि नेमके शेजारी तेव्हा तीच पुसत होते. ते हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

मग मला एकदम साक्षात्कार झाला. 'डब्याला जाणे'! कोशात मी त्याला 'ग्राम्य' असा शेरा मारला होता. मी अण्णांना कसंबसं उचलून भांड्याच्या खुर्चीवर बसवलं आणि उत्साहाने वाट बघत उभा राहिलो. अण्णा त्या खुर्चीवरून माझ्याकडे असे बघत होते, की शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवायचे दिवस आठवले.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "तुमचे अर्थ संपले असतील तर त्यांना पांघरूण घाला. गारठलेत ते."

अर्थ संपलेच होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळीचं ठरवायला येणार होते.

त्या सकाळी कचेरीची खानावळ बंद होती. अण्णा आजारी पडल्यापासून मी तिथेच जेवत होतो. बायकोला सकाळी किती धावपळ, म्हणून मी मोठ्या मनाने डबा बंद केला होता आणि हा त्याग दोन-तीनदा तिला ऐकवलाही होता. आज मात्र तिने पोळीभाजी भरली, अण्णांच्या शेजारच्या टेबलावर डबा उघडाच ठेवला आणि झाकण आणायला वळली.

अण्णांनी डावा हात लांबवून डबा छातीशी ओढला. बायकोच्या हातातलं झाकण घेतलं. ते वाकडं बसलं, निसटलं, परत बसलं. कपाळावर घाम आला. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने बाजूला सारला. मग डबा उलटा धरून ते बघू लागले.

आणि मला आठवलं. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी माझा डबा अण्णा बंद करायचे. झाकण पिळायचे, मोरीवर उलटा धरायचे, गळत नाही अशी खात्री झाली की माझ्या पिशवीत ठेवायचे आणि मग स्वतः खायला बसायचे. कमावत्या माणसाचा डबा निघाल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नव्हता. माझ्या नोंदीतलं पहिलं उदाहरणही त्यांचंच होतं: 'डबा उलटा धरून बघावा.' मी ते कोशात घातलं आणि घरातून काढून टाकलं.

रस्सा त्यांच्या चादरीवर ठिबकत होता. मी डबा पिशवीत ठेवला आणि म्हणालो, "निघतो, अण्णा."

"डबा," ते म्हणाले. या वेळी आवाज चढला नाही. त्यांनी बायकोकडे तोंड वळवलं आणि उघडलं. ती चमच्याने भरवत होती आणि पदराने स्वतःचे डोळे पुसत होती. मी चपला हातात धरून तसाच उभा राहिलो, वाटी रिकामी होईपर्यंत.

नळी टळली. अण्णांचा हात अजून धड चालत नाही, त्यामुळे डबा रोज गळतो. 'ड'च्या कागदांवर तेलाचे डाग पडलेत आणि साहेब म्हणतात की या अक्षराला कांद्याचा वास येतो. जिन्याखाली थांबून झाकण घट्ट करता येईल, एकदा पिळायचा तर प्रश्न आहे. अजून तरी मी ते केलेलं नाही.