आपटलेल्या अल्बमपासून

आत्याच्या खोलीत एका जुन्या रॉक बँडच्या तबकड्या छतापर्यंत रचलेल्या. तिच्या मोठ्या भावाने तिला बजावलं होतं, "माझ्या पोरीला आवडल्या तर ठेव, नाहीतर सगळ्या भंगारात!"

"आत्या, सुरुवात कुठून करू गं?" भाचीने विचारलं.

"गाजलेल्या गाण्यांपासून," भाऊ मध्येच म्हणाला.

"दादा, ती तर लिफ्टमध्येपण वाजतात!" आत्याने मुद्दाम साफ आपटलेला अल्बम काढला. "जगाने नावं ठेवली तरी हे पठ्ठे कसे वाजवत राहिले, ते आधी ऐक."

सुई टेकली. ड्रम असे कडाडले, की शेजारच्या आजोबांची कवळी पेल्यातून उडी मारून टेबलावर नाचायला लागली म्हणे.

"बंद करा ते!" भाऊ ओरडला.

भाची तबकड्यांसमोर ठाण मांडून बसली. "बाबा, अजून दुसरी बाजू राहिलीय."