दारूनं मेला टोनी

उत्तनच्या गॅब्रियलला डोळा लागायचा पटकन, पण कोंबडं आरवायच्या आधीच तो उघडायचा, आणि मग उजाडेपर्यंत छपराचे पत्रे न्याहाळत पडणं आलं. यावर इलाज म्हणून तो आणि त्याचा दोस्त टोनी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून थोडी थोडी घेत. गुण येत नव्हता, म्हणून डोस वाढवत होते.

टोनी त्या दिवशी सकाळीच पोट दाखवायला मीरा रोडला गेला होता. गॅब्रियलची मुलगी कॅरेन तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. बापाच्या झोपेचं डॉक्टरांना विचारते म्हणाली होती. दुपारी तिचा फोन आला. त्यात खाडीचा वारा, त्यात उत्तनचं नेटवर्क.

“पप्पा... डॉक्टर बोलले... संध्याकाळच्या दारूनं मेलाटोनि—”

फोन कटला.

दारूनं मेला टोनी.

गॅब्रियलनं कालची अर्धी बाटली बाहेर काढली. टोनीनं स्वतःची बाटली जन्मात कधी आणली नव्हती. म्हणजे मेला तो आपल्याच दारूनं. आता त्याच्या बायकोला, मॅबेलला, काय तोंड दाखवायचं? उरलेली बाटली त्यानं माडाच्या बुंध्याशी ओतली, मयताला जायची काळी पँट चढवली आणि निघाला.

मॅबेल अंगणात बोंबील वाळत घालत होती.

“मॅबेल, मन घट्ट कर. टोनी गेला. माझ्या बाटलीनं गेला.”

“कुठं गेला? आत जेवतोय. दुसऱ्यांदा.”

टोनी बोटं चाटत बाहेर आला. “काळी पँट? कोण मेला रे?”

“तू,” गॅब्रियल म्हणाला.

टोनीनं बायकोकडे बघितलं. “मला कोण काय सांगतच न्हाय.”

तेवढ्यात कॅरेनचा फोन पुन्हा आला. “पप्पा, मेलाटोनिन. झोपेचं हार्मोन. अंधार पडला की मेंदूत बनतं. संध्याकाळी प्यायलात की कमी बनतं. दारूनं डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते.”

“मग टोनीला काय झालंय?”

“अंकलला? गॅस.”

संध्याकाळी दोघं सवयीनं ओट्यावर बसले. ग्लास नव्हते, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना. गॅब्रियलनं दिवा बंद केला.

“आला काय रे तो हार्मोन?” टोनीनं विचारलं.

“आल्यावर कळतं कसं?”

टोनीला तेही ठाऊक नव्हतं. आजवर तो आला असेल तेव्हा दोघंही शुद्धीत नव्हते.

थोड्या वेळानं टोनीची मान छातीवर आली. गॅब्रियलला राहवेना.

“टोनी?”

“अं?” टोनी दचकून जागा झाला.

“काय न्हाय. झोप.”