शून्याखालचा पारा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक. लोखंडी पेटी, झाकणात उभी काचेची नळी, तळाशी पाऱ्याची कुपी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. आज मी माझी बढाई सांगणार नाही. माझ्या हातून काय झालं, ते सांगणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा पारा शून्याच्या रेघेवर काटेकोर उभा होता. देशातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं मला घेतलं. ही संस्था औषधं विकत नाही. कोणता आजार किती लोकांना आहे आणि कशानं गुण येतो, हे ती मोजून, पडताळून पाहते. मग गावोगावचे डॉक्टर तिच्या शब्दावर विसंबून उपचार करतात. त्या मोजणीतला मी एक साधा शिपाई.

मला एका परिचारिकेच्या हाती दिलं. सगळे तिला ताई म्हणत. आम्ही दोघांनी चौदाशे घरं पालथी घातली. "हा कधी दगा द्यायचा नाही," असं ती कौतुकानं म्हणे आणि माझा ऊर भरून येई.

पण पुढे माझ्या पेटीची कडी मोडली. दुचाकीच्या मागे मी आडवा पडू लागलो आणि पारा थेंबाथेंबानं गळू लागला. रोज सकाळी शून्य तपासून वहीत सही करायची, असा नियम होता. घरं पुष्कळ आणि दिवस अपुरा. ताई सही करायची, तपासायचं मात्र राहून जायचं.

नाक्यावरच्या शिंपीकाकांचं डोकं सारखं दुखायचं. ताईनं त्यांना पट्टा बांधला, फुगा दाबला आणि हसून म्हणाली, "काका, एकदम ठणठणीत! काळजी करू नका." काकांनी दवाखान्यात जायचा बेत रद्द केला.

तीन महिन्यांनी आम्ही दुसऱ्या फेरीला गेलो. काकूंनी दार उघडलं. काका खाटेवर होते. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि शिलाईयंत्रावर चादर टाकलेली होती.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळं ठीक आहे?" काकूंनी विचारलं.

ताई बाहेर पायरीवर बसली. तिनं माझी पेटी उघडली आणि वाकून पाहिलं. पारा शून्याच्या रेघेखाली उतरून दिसेनासा झाला होता. म्हणजे मी किती दिवस प्रत्येकाचा आकडा कमीच सांगत होतो!

ती तडक मोजणीवर देखरेख करणाऱ्या साहेबांकडे गेली. साहेब चरकले. "अगं, अहवाल वर गेलाय. सोमवारी संस्थेची बैठक आहे. आता बोललीस तर तुझीच सही पुढे येईल."

"येऊ दे, सर. काकांसारखे आणखी किती आहेत, ते आपल्याला माहीतच नाही."

तिनं स्वतः संस्थेला पत्र लिहिलं. संस्थेनं अहवाल थांबवला. वर्तमानपत्रांनी संस्थेला झोडपून काढलं. संस्थेच्या संचालिकाबाई स्वतः आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चूक झाली, हे लोकांना सांगायचं. मग पुन्हा मोजायचं. सगळी घरं."

ताईची बढती गेली. तरी नवं यंत्र घेऊन तीच निघाली, आणि माझी चूक किती ते कळावं म्हणून मलाही बरोबर नेलं. मी निरोगी ठरवलेल्या त्रेसष्ट माणसांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांना औषध सुरू झालं. दोघांच्या घरी मात्र आम्ही उशिरा पोहोचलो.

शेवटी ती काकांच्या खाटेशी बसली. "काका, यंत्र बिघडलं होतं आणि मी ते तपासलं नव्हतं."

काकांनी छताकडे पाहिलं. मग अडखळत म्हणाले, "हात... परत येईल का?"

"माहीत नाही, काका."

काकू आत निघून गेल्या.

आता मी संस्थेच्या प्रशिक्षण वर्गातल्या कपाटात आहे. माझा पारा काढून घेतला आहे. नव्या मोजणीदारांना ताई मला दाखवते आणि आपली सहीही दाखवते. मित्रांनो, आम्हा यंत्रांचं कौतुक थोडं कमी करा, पण कामाला लावण्याआधी आमच्याकडे एकदा नीट बघा. ते बघायला एक मिनिट पुरतं. शिंपीकाका गेलं वर्षभर डाव्या हातानं कात्री धरायला शिकत आहेत.