बेलार्मिनोकाकांचे हात

"साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि हे बेलार्मिनोकाका तर ऐंशीला टेकलेत! हाकला त्यांना धक्क्यावरून," एलोइना म्हणाली. औषधांच्या दुकानातल्या बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

ओल्विदो काउंटरमागे तिच्यासाठी बँडेजं काढत होती. एलोइनाच्या नवऱ्याची, तेल्मोची होडी काल वादळात बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली होती. त्याचं कंबरडं मोडलं. आता पुन्हा समुद्र नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

समुद्र खवळला की होड्या बाहेरच थांबत आणि धक्क्याच्या टोकाला उभ्या बेलार्मिनोकाकांकडे बघत. त्यांनी डोक्यावर हातांची फुली धरली की थांबायचं, हात खाली आले की आत घुसायचं. वायरलेस आला तरी गावाचा भरवसा त्या हातांवरच. काल हात खाली आले, तेल्मो निघाला, आणि मागून ती लाट आली.

ओल्विदोला रात्रभर झोप नव्हती. वादळ आलं की दुकान बंद करून लाटांचे फोटो काढायला पळायचं, हे तिचं वीस वर्षांचं वेड. गाव हसायचं, तीही हसायची. काल तिला काकांच्या डोक्यावर उठलेली लाट हवी होती, पण वर धरलेल्या दंडांमागे त्यांचा चेहरा झाकला जात होता. "काका, हात खाली घ्या ना जरा!" ती वाऱ्यात ओरडली. याच गावात जन्मलेली बाई, पण डोळा कॅमेऱ्याला लागला की तिला गावाचा विसर पडायचा. मेलं ते वेड, असं तिला आज वाटत होतं.

दार वाजलं. बेलार्मिनोकाका टोपी हातात घेऊन आत आले.

"डोळ्यांत घालायचं काहीतरी दे गं. मला लाट दिसली नाही म्हणतात."

ते ओल्विदोकडे बघत नव्हते. त्यांनी तिचं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हते. थेंबांची बाटली हातात दिली असती, तर प्रकरण मिटलं असतं. ओल्विदोला स्वतःची किळस आली.

"काकांचे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "हात खाली घ्या म्हणून मी ओरडले. फोटोसाठी."

"ओरडली ती, पण हात माझे होते," काका म्हणाले. "जन्मात कुणी माझा फोटो काढला नव्हता. भुललो मी."

एलोइना ओल्विदोकडे वळली. ती शिव्या घालेल, थोबाडीत मारेल, असं ओल्विदोला वाटलं. तिला तेच हवं होतं. एलोइनाने बँडेजं एकेक करून पिशवीत भरली.

"मग? चांगला आला का?"

फोटो आतल्या खोलीत दोरीवर वाळत होता. इतका चांगला फोटो ओल्विदोने आजवर काढला नव्हता.

"हो," ती म्हणाली.