चार बोटं जागा

फुकटचं काही घरात आलं की त्याची मजुरी बाईच्या मानगुटीवर बसते. माझा नवरा काचवाला. खिडक्यांना, कपाटांना काचा कापून बसवतो. एका बागवाल्याच्या घराच्या सगळ्या खिडक्या त्याने बसवून दिल्या, तर त्या माणसाने खूश होऊन गोणभर लिंबं वर दिली. नवरा गोण खांद्यावरून उतरवून असा उभा राहिला, जसा काही वाघ मारून आणलाय.

"घे. आता वर्षभर लिंबू आणायला नको."

"आणि पिळणार कोण? बागवाला येणारेय?"

तो हसला. हसायला काय जातं. लिंबं पिकून पिवळीधमक झालेली. आठवड्याच्या आत निम्मी बुरसणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण खरं सांगते, या वेळी मी मनातून चिडले नव्हते. कारण माझी नणंद.

तिला घरात काडी म्हणतात. लहानपणापासून ती तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आता पाचवा लागला होता. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो, म्हणून ती आमच्याकडे होती. आणि तिच्या पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. पाणीसुद्धा उलटून पडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन असंच उतरलं तर भरती करून सलाइन लावू. ठरायची एकच गोष्ट, लिंबाच्या रसाचा बर्फ. एक खडा तोंडात धरला की थोड्या वेळाने दोन घास पोटात राहायचे. तेवढ्यावर दोन जीव चालले होते.

म्हणून दोन संध्याकाळी मी बसून लिंबं पिळली. दिवसभर मी शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. बोटांना सुया टोचतात, रक्त येत नाही म्हणून आपण विसरतो. लिंबाचा रस विसरत नाही. कुठे कुठे टोचलंय ते एकेक भोक शोधून दाखवतो. लिंबू धुवायचं, पुसायचं, तळव्याखाली ओट्यावर रगडायचं, आडवं कापायचं. साल पिळवटायची नाही, रस कडू होतो. बिया गाळून काढायच्या, त्याही कडूच. साखर नाही, मीठ नाही. रस ट्रेमध्ये ओतायचा, दगड झाला की खडे पिशवीत भरून हवा दाबून काढायची, तोंड बांधायचं, की ट्रे पुन्हा रिकामे. काम सोपं आहे. सोपी कामंच माणसाची कंबर मोडतात, कारण त्यांना कोणी काम म्हणत नाही.

ट्रे दोनच. दुसऱ्या संध्याकाळी ते भरले तरी पातेल्यात रस उरला. उघडा ठेवला तर सकाळपर्यंत त्याची चव उतरणार. मग मी जाड काचेची, रुंद तोंडाची एक जुनी बाटली घेतली आणि तिच्यात रस ओतला, वरून चार बोटं जागा सोडून, आणि झाकण लावून ती फ्रीझरमध्ये ठेवली. रस गोठला की फुगतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईची एक बाटली अशीच फुटली होती, तेव्हापासून मला ते पक्कं ठाऊक होतं. वाटीभर रस तरी राहिलाच. तो सकाळी बघू म्हणून मी ओट्यावर झाकून ठेवला आणि आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्याला अर्धी सुट्टी. दोन वाजता घरी आले, काडीला थंड सरबत करून द्यावं म्हणून फ्रीझरमधून बाटली काढली. आमच्या फ्रीझरचा दिवा जळून वर्ष झालंय. बाटली उजेडात आणली आणि ती माझ्या हातात उकलली. आवाजसुद्धा नाही. रसाचा पिवळा दगड एका हातात आणि काचेची फाक दुसऱ्या हातात. आधीच तडकलेली होती, बर्फाने नुसती धरून ठेवली होती.

"अरे देवा, बाटली गेली," मी म्हणाले.

काडी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळेना, एका बाटलीसाठी हिला एवढं काय झालं.

"वहिनी," ती म्हणाली, "सकाळी मी त्यातलंच खाल्लं."

"कशातलं?"

"त्याच बाटलीतलं. पिशवीची गाठ सुटत नव्हती. बाटली समोरच होती, बाहेर न काढता तिथेच झाकण काढलं, वरचं वरचं चमच्याने खरवडून खाल्लं. तीन-चार चमचे."

मी तो दगड तसाच परातीत ठेवला. काडी खुर्चीवर बसली, एक हात पोटावर, आणि जीभ गालात फिरवायला लागली, आतून, सावकाश, दात मोजल्यासारखी.

"दुखतंय का कुठे?"

"नाही. पण दुखतंय असं वाटायला लागलंय."

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या, परात बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. ही बाई गप्प बसते तेव्हा सरळ समजावं की काहीतरी आहे, पण तेव्हा मला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता.

दवाखान्यात फोन लावला. नर्सने शांतपणे ऐकून घेतलं. रक्त पडलंय का, गिळताना टोचतंय का, पोटात कळ येते का. सगळ्याला नाही.

"बाईंना विचारून सांगते," ती म्हणाली. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. "त्रास झाला तर ताबडतोब घेऊन या. नाही झाला तरी संध्याकाळी पाचला बाई येतात, तेव्हा दाखवून जा. पोटात मूल आहे, उठसूट एक्स-रेचा फोटो काढत नाहीत. तोवर एक करा. बाटलीची सगळी काच जमवा आणि बघा, पुरी आहे का. पुरी असेल तर मग गेलंच काय पोटात?"

पाच वाजायला अडीच तास होते. मी नवऱ्याला फोन केला. दुकान दोन गल्ल्या सोडून. तो म्हणाला, "ओटा पुसू नकोस. झाडू मारू नकोस. कुणी हलू नका."

बारा वर्षांच्या संसारात या माणसाने मला पहिल्यांदा झाडू मारू नको म्हटलं.

तो आला तो हातमोजे चढवूनच. एरवी या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही. पण काचेपुढे उभा राहिला की तो दुसराच कोणी असतो. आधी त्याने परातीतला दगड खिडकीशी नेऊन फिरवून बघितला.

"किती भरली होतीस?"

"चार बोटं सोडून."

"मग हे काय?"

मी बघितलं. रसाच्या दगडाला बाटलीचा गळा होता. खांदे, गळा, सगळं घडवल्यासारखं, आणि टोकाला काडीच्या चमच्याने पडलेला खड्डा. काठोकाठ भरली होती बाटली. मी मान वळवून सासूबाईंकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या. ओट्यावरची वाटी घासून पालथी घातलेली होती.

मी बोलले नाही. मोठेपणा म्हणून नाही. तोंड उघडलं असतं तर दोन तास बंद झालं नसतं, आणि आमच्याकडे अडीचच होते.

कॉलरचं पांढरं अस्तर घरात ढीगभर. ते चाळणीवर पसरलं, त्यावर दगड ठेवला आणि वरून कोमट पाणी सोडत राहिलो. रस खाली, काच वर. माझ्या शिवणाच्या चिमट्याने नवरा एकेक तुकडा उचलून पुसायचा आणि चिकटपट्टीने जोडायचा. बूड अख्खं निघालं. त्यावर दोन मोठ्या फाका. मग खांद्याचे तुकडे.

"चुरा नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आपटलेली काच चुरा करते. ही आतून रेटून तडकलीय. कडा बघ, कशा एकात एक बसतायत. कुठे टवका नाही."

"दादा," काडी खुर्चीवरून म्हणाली, "माझं पोर काचेचं निघालं तर तुझ्या दुकानात लाव. पुसायला सोपं."

"गप्प बस, काडे."

"गप्प बसले की मला पोटात टोचतं."

मग ती रडायला लागली. आवाज न करता, जीभ अजून गालात फिरवतच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या हाताला लिंबाचा वास, तिला तोच एक वास सोसतो.

चार वाजेपर्यंत परातीवर बाटली उभी राहिली. आठ तुकडे, पट्ट्यांनी बांधलेली, पडून आलेल्या पोरासारखी. नवऱ्याने ती खिडकीत धरली, फिरवली, आणि त्याचा हात थांबला. मलाही दिसलं. तोंडाच्या काठावर एक खाच. करंगळीच्या नखाएवढी.

जिथे काडीचा चमचा जात-येत होता, बरोबर तिथे.

मी अस्तर उलटं करून बघितलं. चाळणी झटकली. फ्रीझरचा कप्पा बाहेर काढून टॉर्च मारला. मोरीची जाळी उचकटली. नवरा जमिनीला गाल लावून फरशी बघत होता, कारण काच आडव्या उजेडात चमकते. चमचा बघितला, चमच्यात काय असणार. नवऱ्याने कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी काडीची चप्पल शोधायला लागले. पाचची वाट बघण्यात अर्थ नव्हता, आत्ताच निघायचं.

चप्पल घालून देताना मी सहज विचारलं, "काडी, झाकण काढून कुठे ठेवलं होतंस?"

"ओट्यावर."

ओट्यावर झाकण नव्हतं. परातीतही नव्हतं. मी बाटली काढली तेव्हाही तिच्यावर नव्हतं, हे मला आत्ता आठवलं.

सासूबाई भिंत धरून उठल्या. आत गेल्या आणि त्यांचा डबा घेऊन आल्या.

या डब्याबद्दल सांगायला हवं. त्यात झाकणं आहेत. नुसती झाकणं. ज्यांच्या बाटल्या मरून दहा-दहा वर्षं झाली, अशांची झाकणं. "झाकण टाकू नये, कधी ना कधी लागतं," हा त्यांचा धर्म. मी त्याला झाकणांचा अनाथाश्रम म्हणते, आणि डबा दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढला होता, हेही कबूल करते.

त्यांनी डबा फरशीवर पालथा केला. पत्र्याची, प्लास्टिकची झाकणं गडगडत पांगली. त्यांनी एक उचललं. "सकाळी ओट्यावर उघडं पडलं होतं. धुवायचं राहिलं, तसंच टाकलं."

नवऱ्याने झाकण हातात घेतलं. आत पुठ्ठ्याची चकती असते ना, ती रसाने भिजून वाळली होती, आणि तिच्यात, पेढ्याला बदाम चिकटवावा तसा, काचेचा तुकडा रुतून बसला होता. झाकण काडीने जोर लावून फिरवलं तेव्हा तडकलेला काठ त्याच्याबरोबरच निघून आला होता. तिने पहिला चमचा घातला, त्याच्या आधीच.

चिमट्याने तो त्याने सोडवला. खाचेशी नेला.

"बसला," तो म्हणाला.

पुन्हा खिडकीत धरून त्याने काठावरून नजर फिरवली, एकदा सुलट, एकदा उलट. "पुरी आहे. धुळीएवढीही गेलेली नाही. काडे, तुझ्या पोटात नुसतं लिंबू आहे."

आणि मग माझा नवरा, जो स्वतःचे वडील गेले तेव्हा रडला नव्हता, तो ओट्याला टेकून खाली बसला आणि हातमोज्यानेच डोळे पुसायला लागला. "अहो, त्याला काच लागलेली असेल," म्हणून मी त्याचे हात धरून मोजे ओढून काढले.

पाचला दाखवून आलो. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, ठोके ऐकवले, घोडा दौडावा तसे. काडीच्या पिशवीत पट्ट्या लावलेली बाटली होती. ती त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "हा जोडणारा माणूस आमच्याकडे पाठवा, हाडांच्या विभागात."

घरी येताना जिन्यावर काडी मध्येच थांबली. मी तिचा दंड धरला.

"काय गं?"

"वहिनी, भूक लागलीय." तिचं तिलाच नवल वाटत होतं. "खरंच. काहीही दे."

तिने दोन भाकरी खाल्ल्या आणि त्या राहिल्या. सासूबाई समोर बसून तिचा एकेक घास बघत होत्या. ताट रिकामं झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रात्री बाटली मी भरली. वाटीत रस होता, वाया गेला असता. अर्धवट भांडं मला बघवत नाही."

"अर्धवट नव्हतं ते, आई. ती जागा बर्फाची होती."

"मला काय ठाऊक? सांगायचंस ना."

खरंच सांगितलं नव्हतं. या घरात मी ओरडते पुष्कळ, सांगत काही नाही.

गोणीत अजून शंभरेक लिंबं होती. त्या संध्याकाळी मी नवऱ्यालाही खाली बसवला. काच कापणाऱ्याचे हात ते, पहिल्याच लिंबाला तो "स्स" करून उठला.

"हे रोज असंच झोंबतं तुला?"

"हसा आता," मी म्हणाले.

रस या वेळी प्लास्टिकच्या डब्यात ओतला. सासूबाईंनी माझा हात मध्येच धरला, डब्याच्या कडेला बाहेरून स्वतःची चार बोटं आडवी लावली आणि विचारलं, "माझी बोटं की तुझी?"

"तुमची लावा," मी म्हणाले. "जाड आहेत."