मंजिष्ठेची शेवटची मुळं

बाईचा चित्रकार नवरा जाताना एक काम अर्धवट ठेवून गेला. लेकीचं चित्र काढलं, चेहरा हुबेहूब उतरला, पण अंगावरची शाल कोरीच राहिली. "लाल तुझ्या हातचाच हवा. दुकानातला लावलास तर भूत होऊन मानगुटीवर बसेन," असं दवाखान्यातल्या खाटेवरून बजावून गेला. तिच्या हातचा लाल म्हणजे मंजिष्ठेच्या मुळांचा. तसा दुसऱ्या कुणाला जमत नसे, हे खरंच होतं.

मुळांत लाल भरायला तीन वर्षं लागतात. मागच्या अंगणातला वाफा पार्किंगसाठी गेला, त्याच्या आदल्या दिवशी बाईने होती नव्हती ती मुळं खणून आणली. जेमतेम पातेलंभर निघाली. आता पुन्हा व्हायची नव्हती.

"आई, थर्मामीटर लाव ना," मुळांचं पातेलं शेगडीवर चढताना लेक म्हणाली.

"चाळीस वर्षं बोटंच लावतेय. मला नको शिकवूस."

बोटांची रीत सोपी होती. पाण्यात बुडवायची, चटका बसला की आच बारीक करायची. मुळं उकळली की लाल मेला, हाती नुसता तपकिरी गाळ. लेक रंग बसवायला लागणारी तुरटी आणायला बाहेर पडली. बाईने बोटं बुडवली. चटका नाही. आच वाढवली, पुन्हा बुडवली. तरी नाही. 'आज काय धाड भरलीय या शेगडीला,' असं पुटपुटत तिने आणखी वाढवली. बोटं बधिर होत चालल्याचं डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. ते तिने लेकीलाच काय, स्वतःलाही नीट कळू दिलं नव्हतं. त्यात वाफेने चष्मा धुरकटलेला.

लेक परतली तेव्हा पातेलं रटरटत होतं. तिने धावत जाऊन शेगडी बंद केली, कागदाची पट्टी बुडवून वर काढली. चहा सांडल्यासारखा डाग. बाई त्या पट्टीकडे बघतच राहिली. संपलं होतं सगळं. शाल आता कोरीच राहणार होती.

"जाऊ दे गं आई," म्हणता म्हणता लेकीचं लक्ष खाली गेलं. "अगं, बोटं बघ तुझी!"

टपोरे फोड आले होते. लेकीने तिला ओढत नळापाशी नेलं, हात पाण्याखाली धरला. "खूप दुखतंय का गं?"

हो म्हणावं, असं बाईच्या मनात आलं. पण आता लपवून वाचवायचं तरी काय होतं?

"नाही गं," ती हमसून रडत म्हणाली, "काहीच दुखत नाहीये."